'द फार्मर्स वाइफ': एक नाटक, दोन चित्रपट आणि चुलीजवळची रिकामी खुर्ची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे नाटक नक्की कशाबद्दल आहे?

एका बिजवर शेतकऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय, एवढ्याबद्दल. ईडन फिलपॉट्स या इंग्रज लेखकाचं हे तीन अंकी विनोदी नाटक. पहिला प्रयोग नोव्हेंबर १९१६ मध्ये बर्मिंगहॅमला झाला. १९२४ साली ते लंडनला गेलं आणि तिथे १,३२९ प्रयोग चाललं. १९२८ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने त्याचा मूकपट केला, १९४१ मध्ये बोलपट निघाला. घडतं ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाच्या खडकाळ माळरानाच्या आसपास.

नाव मात्र मिस्कील आहे. 'शेतकऱ्याची बायको' म्हणायचं आणि बायकोचा पत्ता नाही. पहिली देवाघरी गेलेली, दुसरी पडदा पडता पडता ठरणार. मधला सगळा वेळ तिची जागा रिकामी.

कथा सांगाल का? शेवटासकट चालेल.

शेवट लपवून फायदाही नाही, तो प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळलेला असतो. न कळलेला एकटा नायकच.

सॅम्युएल स्वीटलँड हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. बायको गेली, मुलीही आपापल्या मार्गाला लागायच्या बेतात, घर खायला उठतंय. घरचं सगळं बघते ॲरामिंटा डेंच, म्हणजे मिंटा. हिला मोलकरीण म्हणणं बरोबर नाही, घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. सॅम्युएल ठरवतो की लग्न करायचं, आणि कुणाशी करावं याची यादी करायला बसतो मिंटाबरोबरच. तो पंचक्रोशीतल्या एकेका बाईचं नाव घेतो, गुणदोष सांगतो, आणि मिंटा कागदावर लिहून घेते.

मग एकेक स्थळ. लुइझा विंडिएट ही घोड्यावर बसून कोल्ह्याच्या शिकारीला जाणारी विधवा, स्वतःच्या मर्जीची मालकीण. थर्झा टॅपर ही नाजूक, घाबरट, आयुष्यभर अविवाहित राहिलेली. मेरी हर्न पोस्ट सांभाळते, अंगाने भरलेली आणि स्वतःला अजून कोवळी समजणारी. चौथी दारूच्या गुत्त्यावरची मर्सी बॅसेट. चौघीही नाही म्हणतात, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कुणी हसते, कुणी थरथरते, कुणी किंचाळून घर डोक्यावर घेते. सॅम्युएल दर वेळी जास्त चिडून घरी येतो, आणि दर वेळी दार उघडायला मिंटा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही आपली म्हण तीन अंकांत ताणून दाखवायची तर ती अशी.

यादीचा प्रवेश एवढा गाजला तो का?

माझ्या मते अख्खं नाटक त्या दहा मिनिटांत आहे. मालक ऐटीत बोलतोय, आपण मागणी घातली की कुठलीही बाई धन्य होईल अशी त्याला खात्री आहे. बायकांबद्दल तो बोलतो ते गुरांच्या बाजारात बोलावं तसं. वय, बांधा, चाल, स्वभाव. मिंटा मान खाली घालून लिहिते. मध्येच एखादं नाव कानावर आलं की लेखणी क्षणभर थांबते. ती 'यात माझं नाव का नाही' असं म्हणत नाही, तसा चेहराही करत नाही. तरी प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेला कळतं.

या भूमिकेत नटीने डोळ्यांत पाणी आणलं की नाटक पडलं म्हणून समजा. मिंटा केविलवाणी नाही. तिला या माणसातलं हास्यास्पद काय आहे ते नीट दिसतं, आणि तरीही तो तिला आवडतो. हे दोन्ही एकाच वेळी दाखवता आलं पाहिजे.

फिलपॉट्स कोण होता? त्याचा भारताशी काही संबंध?

संबंध जन्माचाच. ४ नोव्हेंबर १८६२ रोजी तो माउंट अबूला जन्मला, वडील तिथे फौजेत अधिकारी होते. पण लहानपणीच इंग्लंडला गेला, शिकला प्लिमथला, आणि पुढे आयुष्यभर लिहिलं ते डेव्हनबद्दल. अबूचा डोंगर सोडून डार्टमूरच्या माळाला चिकटला म्हणायचं. त्याआधी लंडनमध्ये विमा कंपनीत दहा वर्षं कारकुनी केली. डार्टमूरवर त्याने कादंबऱ्यांची मोठी मालिकाच लिहिली. त्यातल्या १९१३ च्या 'वाइडकोम फेअर' या कादंबरीतून हे नाटक निघालं. वाइडकोम हे त्या माळावरचं खरं गाव, तिथल्या जत्रेवरचं लोकगीत इंग्लंडभर गातात.

आज त्याची पुस्तकं फारशी कुणी वाचत नाही. नाव निघतं ते बहुधा रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीमुळे. डेव्हनमधल्या टॉर्कीला ती त्याच्या शेजारी राहायची. पोरवयात लिहिलेली पहिली कादंबरी तिने त्याला दाखवली आणि त्याने ती मनापासून वाचून सल्ला दिला. त्याची आठवण ठेवून तिने १९३२ ची 'पेरिल ॲट एंड हाउस' त्याला अर्पण केली.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हिचकॉकचा चित्रपट आला त्याच वर्षी, १९२८ मध्ये, फिलपॉट्सची पत्नी वारली, आणि १९२९ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. तेव्हा तो छासष्टीचा होता. यादी केली होती की नाही, देव जाणे. पुढे अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन १९६० च्या डिसेंबरात गेला.

बर्मिंगहॅमच का? आधी लंडन का नाही?

कारण सर बॅरी जॅक्सन. (सर झाले १९२५ मध्ये, पण तो नुसता उपचार.) या श्रीमंत नाट्यवेड्याने १९१३ मध्ये स्वतःच्या पैशाने बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटर बांधलं. रेपर्टरी म्हणजे कायमचा नटसंच, आणि आज हे नाटक तर काही दिवसांनी दुसरं. तिकीटबारीवर न चालणारी नाटकंही करायची, ही त्यांची हौस.

१९१६ चा नोव्हेंबर म्हणजे पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई जेमतेम संपत आलेली, घरोघरी मृत्यूच्या तारा येत होत्या. अशा दिवसांत एका शेतकऱ्याच्या फसलेल्या सोयरिकी बघायला लोक आले.

लंडनच्या वाटेला जायला मात्र आठ वर्षं लागली. १९२४ च्या मार्चमध्ये जॅक्सनने ते कोर्ट थिएटरला लावलं. बर्मिंगहॅममध्ये तेव्हा त्याचा हात पोळला होता, थिएटर काही महिने बंदच ठेवावं लागलं. आणि लंडनमध्ये हे साधं गावरान नाटक सुमारे तीन वर्षं जागचं हललंच नाही. कोर्ट म्हणजे आजचं रॉयल कोर्ट, स्लोन स्क्वेअरचं. १९५६ मध्ये जॉन ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर'ने इंग्रजी रंगभूमीला धक्का दिला तो याच रंगमंचावरून, पण त्याच फळ्यांवर आधी स्वीटलँडने नकार पचवले होते हे कुणी सांगत नाही.

नाटकात कुणी मोठे नट होते का?

सेड्रिक हार्डविक. चर्डल्स ॲश या म्हाताऱ्या गड्याची भूमिका त्याने केली तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. तिशीतल्या नटाने सत्तरीचा म्हातारा करायचा आणि लोकांनी म्हाताऱ्यावरच जीव टाकायचा! पुढे तो 'सर' झाला, हॉलिवूडला गेला.

आणि लॉरेन्स ऑलिव्हिए. विशीत बर्मिंगहॅमच्या संचात दाखल झाला तेव्हा १९२६ मध्ये या नाटकाच्या दौऱ्यात रिचर्ड कोकर हा तरुण त्याने रंगवला. भूमिका तशी दुय्यम, प्रेमात पडलेला शेतकऱ्याचा पोरगा. पण मुक्कामामागून मुक्काम तेच नाटक करत फिरणं ही तालीमच.

चर्डल्स ॲश म्हणजे नायकापेक्षा भाव खाऊन जाणारा तोच ना?

तोच. कामचुकार, कुरकुऱ्या, लग्न या विषयावर सतत कडवट तत्त्वज्ञान पाजळणारा गडी. तमाशाच्या वगात राजाशेजारी सोंगाड्या जे काम करतो तेच इथे ॲश करतो: मालक बढाई मारतो, हा त्यातली हवा काढतो. फरक इतकाच की आपला सोंगाड्या चपळ असतो आणि हा जागचा हलायला तयार नसतो.

हिचकॉकने हे काम गॉर्डन हार्करला दिलं. थर्झाकडच्या मेजवानीसाठी ॲशला उसना कोट-पाटलोण चढवून दारात उभं केलंय, आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारायला. पाटलोण ढगळ. एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने लोकांच्या टोप्या-कोट घ्यायचे. दोन्ही हात लागतील असं काही कुणी दिलं की संपलं. यात शब्द एकही लागत नाही, आणि मूकपटात हार्कर सगळ्यांवर कडी करतो तो म्हणूनच.

हिचकॉक आणि गावरान प्रेमविनोद? नक्की तोच हिचकॉक?

तोच, रहस्यपटांचा बादशहा होण्याच्या आधीचा. १९२७ मध्ये तो ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्सच्या एल्स्ट्री स्टुडिओत आला, आधी 'द रिंग' हा मुष्टियोद्ध्यांचा चित्रपट केला आणि मग हा हाती घेतला. लंडनमध्ये तुफान चाललेलं नाटक, स्टुडिओला हमखास गल्ला दिसत होता. पटकथा एलियट स्टॅनर्डची, कॅमेरा जॅक कॉक्सचा.

बरेच जण म्हणतात की हा 'खरा' हिचकॉक नव्हे. मला पटत नाही. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला ठाऊक नाही, यावर तर पुढे त्याची सगळी कारकीर्द उभी राहिली. टेबलाखाली बाँब आहे हे आपल्याला दिसतं, बसलेल्यांना नाही. इथे बाँबच्या जागी मिंटा आहे.

मूकपटात संवादप्रधान नाटक कसं जमवलं?

नाटकाचा जीव डेव्हनच्या बोलीत. मूकपटात पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर किती लिहिणार? म्हणून वस्तूंना बोलायला लावलं.

सुरुवात बघा. सॅम्युएलची बायको अंथरुणाला खिळलेली, शेवटचे श्वास. मिंटाला जवळ बोलावून ती काय सांगते? मालकांची अंतर्वस्त्रं चुलीपुढे वाळवायला विसरू नकोस. मरतानाची इच्छा ही! मग काळ सरल्याचं दाखवायला हिचकॉक कॅलेंडरची पानं उडवत नाही. चुलीपुढे वाळत घातलेले तेच कपडे दिसतात, पुन्हा दिसतात. मिंटाने शब्द पाळलाय आणि वर्षं गेलीत, दोन्ही एकाच दोरीवर टांगलेलं.

दुसरी वस्तू म्हणजे खुर्ची. चुलीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकीत सॅम्युएल, समोरची बायकोची, रिकामी. यादी झाल्यावर तो तिच्याकडे टक लावून बसतो आणि एकेक बाई विरघळत त्या खुर्चीत येऊन बसते. लुइझा, थर्झा, मेरी, मर्सी. प्रत्येकीबरोबर त्याचा चेहरा बदलतो. शेवटी सगळीकडून हात हलवत परतल्यावर, त्याच खुर्चीत मिंटा सहज टेकते. कल्पनेतली नव्हे, हाडामांसाची. तो बघतो. त्याला कळायला लागलेला तो क्षण जेम्सन थॉमसने चेहऱ्याचं फार काही न करता दिला आहे, म्हणून तो टिकला.

तिसरी, जेली. थर्झा मेजवानीच्या तयारीत, हातात जेलीचं ताट, आणि सॅम्युएल वेळेआधीच येऊन लग्नाचं विचारतो. तिचे हात थरथरतात, त्याहून जास्त जेली. नाटकात ही थर्झा ज्या मॉड गिलने केली होती तीच चित्रपटातही आहे, आणि तिचं टायमिंग प्रयोगांच्या गिरणीतून निघालेलं आहे हे कळतं.

नाटकात आणि मूकपटात मोठा फरक कुठला?

नाटकात सॅम्युएलला दोन मुली आहेत, पेट्रोनेल आणि सिब्ली, आणि त्यांच्या जुळण्या-फिसकटण्याचं बऱ्यापैकी लांब उपकथानक. चित्रपटात एकच मुलगी उरली, तिचं लग्नही आधीच उरकलं. म्हातारा बोहल्यावर चढायला निघाला असताना तरुणांची प्रेमं हवीत कशाला, असा हिशेब असावा. मला तो योग्य वाटतो, पण त्यामुळे एक गोष्ट जाते: नाटकात बापाची फजिती आणि मुलींची फजिती एकमेकींना आरसा दाखवतात.

मूकपटातल्या नटांचं पुढे काय झालं?

जेम्सन थॉमस हॉलिवूडला गेला. १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये लग्नमांडवातून जिची नवरी पळून जाते तो किंग वेस्टली हाच. लग्नाच्या बाबतीत पडद्यावर त्याचं नशीब एकंदरीत बेताचंच. मिंटा झालेली लिलियन हॉल-डेव्हिस 'द रिंग'चीही नायिका. बोलपट आल्यावर तिचं काम आटत गेलं आणि १९३३ मध्ये तिने आत्महत्या केली. चित्रपट बघताना हे आठवलं की त्या शांत चेहऱ्याकडे बघवत नाही.

१९४१ चा बोलपट बघावा का?

कुतूहल म्हणून बघा. नॉर्मन ली आणि लेस्ली आर्लिस यांचं दिग्दर्शन, बेसिल सिडनी सॅम्युएल, विल्फ्रिड लॉसन ॲश. नोव्हा पिल्बीम, पॅट्रिशिया रॉक आणि तरुण मायकेल वाइल्डिंगही आहेत. बोली परत आली, संवाद परत आले, पण आज चित्रपट आठवतो तो मुकाच. आता बोलतात म्हणून खुर्चीला काही काम उरलं नाही.

आजच्या प्रेक्षकाला खटकत नाही का?

खटकतं. बायकांच्या अंगकाठीवरचे विनोद, विशेषतः मेरी हर्नवरचे, आज ऐकवत नाहीत. चारचौघात झटके आल्यासारखी ती ओरडते तेव्हा १९२४ मध्ये लोक लोळून हसले असतील; मला ती बिचारी वाटते. आणि शेवटी, नाही म्हणालेल्यांपैकी दोघी फेरविचार करून परत येतात, हे तर लेखकाने नायकाची लाज राखायला केलेलं.

पण एक लक्षात घ्या. नाटक ज्याला हसतं तो सॅम्युएल आहे. चार बायकांना स्वतःचं घर, स्वतःची मिळकत आहे, नवऱ्यावाचून अडलेलं नाही, आणि त्या तसं तोंडावर सांगतात. शेवटच्या मागणीच्या वेळी त्याच्या आवाजातली ऐट उतरलेली असते. पहिल्या अंकातला माणूस विचारत नव्हता, जाहीर करत होता. हा विचारतो. मिंटाने तेवढ्यासाठी वाट पाहिली असं मी समजतो, दुसरा अर्थ लावणाऱ्यांशी भांडायची तयारी आहे.

मराठीत करायचं तर परवानगी लागेल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, ती वर्षं मोजायची पुढच्या जानेवारीपासून. फिलपॉट्स १९६० मध्ये गेला, म्हणजे २०२० संपताना इथले हक्क संपले. इंग्लंडमध्ये मुदत सत्तर वर्षांची, त्यामुळे तिथे २०३० पर्यंत थांबावं लागेल. लंडनच्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागेल. फिलपॉट्सला हे नवं वाटलं नसतं. १९१२ मध्ये त्याच्या 'द सीक्रेट वुमन' नाटकाला तिकडच्या लॉर्ड चेंबरलेनने, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याने, परवाना नाकारला होता, आणि तिकडची ती पद्धत १९६८ मध्ये गेली.

आणि भाषेचं काय? डेव्हनची बोली मराठीत कशी आणायची?

प्रमाण मराठीत आणू नका. आमच्या वाचनगटासाठी मी पहिल्या अंकाचा उल्था केला होता, स्वच्छ पुणेरी. वाचताना दहा मिनिटं कुणी हसलं नाही. मग कराडकडच्या एका सदस्याने ॲशचं वाक्य कागदावरून नजर काढून आपल्या पद्धतीने म्हटलं, "लगीन म्हंजी काय मालक, दावं बी आपलंच आन् मान बी आपलीच." ते मूळ नाटकात नाही, माझ्या भाषांतरातही नव्हतं. खोली हसली. त्यानंतर सॅम्युएलची ऐट, मेरीचा नखरा, सगळं आपोआप उभं राहिलं.

तरी गाव मात्र डेव्हनचंच ठेवा असं माझं म्हणणं आहे. सॅम्युएलचा सर्जेराव केला की कोल्ह्याची शिकार, सायडर (सफरचंदाची दारू), पोस्टवाली बाई सगळं बदलावं लागतं, आणि मोठी अडचण म्हणजे जात विचारावी लागते. इथे यादीतल्या चारही बायका 'स्थळ' ठरतील का, आणि घर सांभाळणारी बाई मालकिणीच्या खुर्चीत बसली तर गाव काय म्हणेल, याची उत्तरं फिलपॉट्सच्या नाटकात नाहीत. ती द्यायची तर वेगळं नाटक लिहावं लागेल. बोली आपली घ्या, माणसं तिकडची राहू द्या.

मूकपट बघायचा तर कुठली प्रत?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकच्या उपलब्ध नऊ मूकपटांची दुरुस्ती करून २०१२ मध्ये ते पुन्हा दाखवले, त्यातला हा एक. (दहावा, 'द माउंटन ईगल', हरवला तो हरवलाच.) इंटरनेटवर जुन्या, धुरकट प्रती पडल्या आहेत. त्यांत चुलीपुढचे कपडे नीट दिसत नाहीत, आणि ते दिसले नाहीत तर सुरुवात कळणार नाही. मूकपटाची लांबी तो कुठल्या वेगाने चालवला त्यावर बदलते, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. सोबतचं संगीत आवडलं नाही तर सरळ बंद करा. आमच्याकडे तसंच पाहिला, मधूनमधून कुणीतरी पाट्या मराठीत वाचून दाखवत होतं, आणि जेलीच्या प्रसंगाला वाचणाऱ्यालाच हसू आवरेना.